चांगल्या दिवसाची घाई

सौंसर,
फेब्रुवारीतली एक पहाट

चि. छकुलीस,


साडेपाच वाजलेत, खिडकी उघडी आहे आणि मागच्या बगीच्यातून संत्र्याच्या फुलांचा वास घरभर भरलाय. आंबिया बहार यंदा चांगला फुटलाय. अशा वासात अंथरुणात पडून राहणं मला कधी जमलं नाही, म्हणून उठले, चहा केला आणि परवा फोनवर तुला जे सांगायचं राहून गेलं ते लिहायला बसले. अक्षर वाकडं दिसेल, ते समजून घे. पेनावर मी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवलाय, त्यानं पेन जाड होतं आणि बोटांना आवळून धरावं लागत नाही. (तुझ्यासाठीही एक तुकडा कापून ठेवलाय. परीक्षेत तीन तास लिहायचं असतं तुला.)

तू म्हणालीस, "मोठी आजी, परवा मी बस पकडायला धावले, आणि आज मला कंगवा धरता येत नाही. माझं मलाच खरं वाटत नाही, मग लोकांना काय वाटणार?" ते वाक्य दोन दिवस माझ्या काळजात रुतून बसलंय. तुला पहिली गोष्ट हीच सांगते, की मला खरं वाटतं. तू धावलीस तेही खरं आणि कंगवा हातातून सुटला तेही खरं. हात मोडला तर प्लास्टर दिसतं, ताप आला तर कपाळाला हात लावून कळतो. हे दुखणं मात्र सोमवारी चादरी पिळू देतं आणि मंगळवारी रुमालाची घडी करू देत नाही, आणि बघणाऱ्याला सोमवारचं तेवढं लक्षात राहतं. मी शाळेत शिकवत होते तेव्हा पंधरा ऑगस्टला दोन तास उभी राहिले आणि सोळा तारखेला खडू धरता आला नाही म्हणून रजेचा अर्ज दिला. त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत जी शांतता पसरली ती मला आजही आठवते. कुणी काही बोललं नाही, पण मी घरी येऊन रडले. तू रडलीस तर रड, बाई. फक्त स्वतःवर संशय घेऊ नकोस.

डॉक्टरांनी तुझ्या कागदावर रुमॅटॉइड आर्थरायटिस लिहिलंय. आपल्याकडे कुणी त्याला गठिया म्हणतं, कुणी संधिवात, वैद्य आमवात म्हणतात. माधवनिदानासारख्या हजार वर्षांहून जुन्या ग्रंथात आमवाताचं जे वर्णन आहे ते पुष्कळसं आपल्याच दुखण्यासारखं आहे. म्हातारपणी गुडघे झिजतात ते निराळं. यात शरीराची राखण करणारी फौजच चुकते, सांध्याच्या आतल्या अस्तराला परकं समजते आणि तिथे सूज आणते. म्हणून नुसती बोटं दुखत नाहीत, सगळं अंगच गळून जातं, बारीक कणकण राहते, रात्रभर झोपून उठलं तरी थकवा तसाच. तुझी आई त्याला आळस समजत असेल तर तिला हा परिच्छेद वाचून दाखव. ती मायाळू आहे, एकदा कळलं की पुन्हा बोलणार नाही.

आणि तू एकटी नाहीस. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या मंडळींनी घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढ माणसांची हाडा-सांध्यांची दुखणी विचारली आणि तपासली. त्यात दर दोनशे माणसांत साधारण एकाला हे आपलं दुखणं निघालं. बायकांत ते पुरुषांपेक्षा दोन-तीन पटींनी जास्त आढळतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला जाम नदीच्या दोन्ही काठांवर, तुमच्या पांढुर्ण्याकडे आणि पलीकडे सावरगावाकडे, जी गर्दी लोटते तिच्यात आपल्यासारख्या किती जणी पदराखाली हात धरून उभ्या असतील, असं मला दरवर्षी वाटतं.

आता लवकर उठण्याबद्दल. तुझ्या आजोबांनी, आईनं, शाळेतल्या बाईंनी तुला लवकर उठायला सांगितलं असेल, ते अभ्यासासाठी. माझं कारण वेगळं आहे. या दुखण्यात सकाळी बोटं आखडतात, मनगटं लाकडासारखी होतात आणि ती मोकळी व्हायला तास, कधी दोन तास लागतात. तुझी बस साडेआठला असेल आणि तू साडेसातला उठत असशील, तर तू रोजचा दिवस लाकडी हातांनी सुरू करतेस. वेणी घालताना रडतेस, बटण लागत नाही म्हणून चिडतेस, डबा न घेता निघतेस, आणि मग दिवसभर तेच मनात घोळत राहतं. दीड तास आधी ऊठ. त्या वेळात दुसरं काही करायचं नाही. घमेल्यात सोसवेल इतकं कोमट पाणी घे, त्यात दोन्ही हात बुडव आणि बोटं सावकाश उघड-मीट कर, कणीक मळल्यासारखी. मी तेवढ्या वेळात रेडिओ लावते. पहिल्या दहा मिनिटांत काही फरक पडत नाही. अर्ध्या तासानं अंगठा तर्जनीला टेकतो. तो टेकला की मला अजूनही, इतक्या वर्षांनी, बरं वाटतं. मग लोट्याचं झाकण, मग दाराची कडी, मग वेणी. हातांना त्यांचा वेळ दिला की ते रागावत नाहीत.

थांबते आता. दूधवाला आलाय. उद्या पुढचं लिहीन.

*

उद्या म्हणाले होते आणि आज पाचवा दिवस. त्या रात्री झोपले तेव्हा ठीक होते, पहाटे उठायला गेले तर उजवं मनगट भाकरीसारखं फुगलेलं आणि गरम. आमच्याकडे म्हणतात, वात उठला. काही खाल्लं नव्हतं, कुठे गेले नव्हते, कुणाशी भांडले नव्हते. उठला, चार दिवस राहिला, आज सकाळी सोडून गेला. तुला हे लपवून सरळ पुढे लिहिता आलं असतं, पण मग पत्र खोटं झालं असतं.

असं झालं की माणूस पहिल्यांदा काय करतं? कारण शोधतं. मी पण फार शोधलं. माझ्याकडे वह्या आहेत बघ, लाल पुठ्ठ्याच्या, 1991 पासूनच्या, घरखर्चाच्या वहीच्याच मागच्या पानांवर लिहिलेल्या: आज वांगं खाल्लं, आज दही, आज ढगाळ, आज नणंदेशी बोलाचाली, आज अमावस्या. पुढे किती दुखलं त्याचा आकडा, शून्य ते दहा. इतकी वर्षं लिहून मला जे कळलं ते थोडं आहे. जागरण झालं की बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठतं. सर्दी-तापानंतर उठतं. मन फार कुढलं की उठतं. ढगांचं सगळे सांगतात, पण माझ्या वहीत ते कधी जुळलं, कधी नाही. वांग्याचं तर मुळीच जुळलं नाही, आणि त्या भीतीनं मी सहा वर्षं भरल्या वांग्याला हात लावला नव्हता! आणि कितीतरी पानांवर समोर नुसतं लिहिलंय: कारण नाही. तू वही ठेव, डॉक्टरांना तिचा फार उपयोग होतो, तीन महिन्यांत काय झालं ते पाच मिनिटांत तोंडी सांगताना निम्मं विसरतं. पण ती वही स्वतःचे गुन्हे लिहायला वापरू नकोस. दरवेळी तुझंच काही चुकलं म्हणून दुखलं, असं नसतं ते.

माझ्या सासूबाई शिकलेल्या नव्हत्या, पण त्यांना हे माझ्याआधी समजलं होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते, ठाऊक आहे ना तुला? बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकतात, हळद आणि तूप चोळतात. वर्षभर जू वाहिलेलं असतं त्यांनी. एका वर्षी गोठ्यातलं ते काम आटोपून त्या तीच गरम पाण्याची बादली घेऊन स्वयंपाकघरात आल्या, मला पाटावर बसवलं आणि माझे हात त्यात धरले. म्हणाल्या, "बैलाले येक दिस आराम देतेत, मंग बाईले काहून नाही?" बैलानं आराम कमावला की नाही हे त्या दिवशी कुणी विचारत नाही. मलाही त्यांनी कधी विचारलं नाही. ती माउली गेली तेव्हा माझे हात तिच्या पायांना लावताना मला फार भरून आलं होतं.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र. छकुली, वाईट दिवसाची मला तुझ्यासाठी फारशी काळजी वाटत नाही. वाईट दिवशी तू निजशील, शेकशील, गोळी घेशील, आईजवळ बसशील. तू शहाणी आहेस. मला काळजी आहे ती तुझ्या चांगल्या दिवसाची. चांगल्या दिवशी काय होतं ते मला माहीत आहे. सकाळी डोळे उघडतात, मूठ सहज मिटते, आणि छातीत एकदम पाखरू उडतं: आज सगळं करून टाकू! साचलेले कपडे, राहिलेला अभ्यास, मैत्रिणीचं घर, बाजार, आईला पोळ्या. जणू उद्या कुणी हा दिवस परत घेऊन जाणार आहे. एका दिवाळीला मला असाच दिवस मिळाला. मी स्वयंपाकघराला चुना दिला, दोन पायल्यांच्या चकल्या केल्या, रात्री अनारशांचं पीठ मळलं, आणि झोपताना वाटलं, गेलं दुखणं. लक्ष्मीपूजनाला मी अंथरुणावर होते आणि दिवे तुझ्या आजीनं, माझ्या धाकट्या बहिणीनं, पांढुर्ण्याहून येऊन लावले. आठ दिवस गेले त्या एका दिवसापायी.

तेव्हापासून मी चांगला दिवस पगारासारखा खर्च करते. पहिल्या तारखेला पगार हातात आला की मी पाकिटं करत असे: किराणा, दूध, शाळेची फी, औषध, आणि एक पाकीट बंद, ज्याला हात लावायचा नाही. तसंच. मूठ मिटली म्हणून सगळी ताकद बाहेर काढायची नाही. दोन कामं ठरवायची, त्यांतलं एक मनाला आवडणारं असलंच पाहिजे (हे विसरू नकोस, नुसती धुणीभांडी म्हणजे चांगला दिवस नव्हे), आणि दोन्ही झाली की अंगात जोर असतानाच बसायचं. जोर असताना बसणं फार अवघड आहे, पोरी. थकल्यावर कुणीही बसतं. मला ते शिकायला दहा वर्षं लागली. तुला मी आजच सांगते आहे, म्हणजे तुझी वर्षं तरी वाचतील.

आणि चांगल्या दिवसाची सगळ्यांत मोठी घाई म्हणजे गोळ्या बंद करणं. "आता बरं आहे, कशाला रोज विष पोटात घालायचं?" हे तुला शेजारीण म्हणेल, मावशी म्हणेल, एखाद्या सकाळी तुझंच मन म्हणेल. आपलं दुखणं तेव्हा गेलेलं नसतं, गोळीनं धरून ठेवलेलं असतं. गोळी सोडली की ते लगेच परत येत नाही, काही आठवडे जातात, म्हणून वाटतं बघा, काही झालं नाही. आणि मग येतं. कमी करायची की थांबवायची हे डॉक्टर ठरवतील, रक्ताचे रिपोर्ट बघून. तुझं काम फक्त रिपोर्ट वेळेवर काढणं. त्या गोळीनं यकृतावर आणि रक्ताच्या पेशींवर परिणाम होतो का, हे त्यातूनच कळतं.

तुला दिलेली मुख्य गोळी मेथोट्रेक्सेट आहे, आठवड्यातून एकदाच घ्यायची. एकदाच! रोजची समजून घेतली तर ती जिवावर बेतते, म्हणून वार ठरवून कॅलेंडरवर खूण कर आणि आईलाही सांगून ठेव. माझा वार शनिवार आहे. शनिवार मारुतीचा, त्यामुळे कधी विसरत नाही. दिवा लावते, गोळी घेते. ती घेऊन लगेच गुण येत नाही, दीड-दोन महिने, कधी तीनही लागतात. तेवढ्यात कंटाळून दुसऱ्या डॉक्टरकडे धावू नकोस. तिच्याबरोबर डॉक्टरांनी फॉलिक ॲसिडची छोटी पिवळी गोळी दिली असेल. या दोघींची गोष्ट मला एकदा कळली आणि त्या गोळ्यांबद्दलचा माझा राग गेला, म्हणून तुला सांगते.

1928 साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईला आल्या. परळच्या हाफकिन संस्थेतून त्यांचं काम चाले. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब गरोदर बायांचं रक्त भयंकर कमी होत होतं, कित्येकी बाळंतपणात दगावत होत्या. खूप शोधल्यावर त्यांना दिसलं की यीस्टचा साधा अर्क दिला की या बाया सुधारतात. त्या अर्कातलं जे काही गुण देत होतं, तेच पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखलं गेलं. 1945 साली अमेरिकेत ते प्रयोगशाळेत बनवलं ते येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मंडळींनी. हे आपले आंध्रातल्या भीमावरमचे, परदेशात एकटे राबले, 1948 साली तिथेच वारले. त्यांच्याच प्रयोगशाळेत मग फॉलिक ॲसिडचं काम अडवणारी औषधं निघाली, लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरली गेली, आणि त्यांतलीच एक हे मेथोट्रेक्सेट. थोड्या मात्रेत, आठवड्यातून एकदा, ते आपल्या सांध्यांची चुकलेली फौज शांत करतं, हे नंतरच्या डॉक्टरांनी हळूहळू पारखलं आणि अमेरिकेत 1988 साली त्याला या दुखण्यासाठी परवानगी मिळाली. म्हणजे तुझ्या हातातल्या दोन गोळ्यांत गिरणीतल्या त्या बाया आहेत, ल्युसीबाई आहेत, सुब्बाराव आहेत, ती आजारी लेकरं आहेत. मी शनिवारी गोळी घेताना त्यांना मनात नमस्कार करते. तू करावास असा आग्रह नाही, पण मला बरं वाटतं.

माझी गोळी 1990 साली सुरू झाली. दुखणं मात्र 1987 चं. मधली जी वर्षं गेली त्यांचं सांगायला मला जड जातं, तरी सांगते. मला घाई होती. मुलं लहान, नोकरी नवी, आणि कुणीतरी सांगितलं की अमुक गावी एक जण पुड्या देतो, तीन दिवसांत गुण. खरंच तीन दिवसांत गुण आला. मी दुसऱ्या दिवशी विहिरीवरून पाणी आणलं! दीड वर्ष त्या पुड्या खाल्ल्या. तोंड सुजून गोल झालं, सगळे म्हणाले अंग धरलं. मग पुड्या मिळेनाशा झाल्या आणि मी अशी कोसळले की उचलून न्यावं लागलं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पुडीत स्टेरॉइड असणार. माझी ही तीन बोटं जी बाहेरच्या बाजूला वळलीत, ती त्याच काळातली देणगी. वरून दुखणं दाबलेलं आणि आत सांधा कुरतडत चाललेला.

तरी स्टेरॉइडला शिव्या देऊ नकोस. 1948 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये (आपल्या नागपूरचं मेयो नव्हे) अशाच आखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं आणि थोड्याच दिवसांत ती चालायला लागली. डॉक्टर हेंच आणि आणखी दोन शास्त्रज्ञांना 1950 साली त्यासाठी नोबेल मिळालं. मग कळलं की त्याची किंमतही मोजावी लागते, हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, आणि एकदम बंद केलं तर शरीर गळपटतं. डॉक्टर तुला कधी थोडे दिवस देतील, मोजून देतील, मोजून कमी करतील. ते घे. पुडी मात्र घेऊ नकोस, कुणीही, कितीही मायेनं दिली तरी. जो तीन दिवसांचं वचन देतो त्याच्याकडे जायची घाई करू नको एवढंच माझं मागणं आहे.

नागपूरला जायचो ते त्या छोट्या रुळांच्या गाडीनं. 2015 पर्यंत ती छिंदवाड्याहून सौंसरवरून नागपूरला जायची, इतकी सावकाश, की खिडकीतून पऱ्हाटीची बोंडं मोजता यावीत. मला त्या गाडीचा फार आधार होता. तिच्यात बसलं की मनातलंही सगळं तिच्याच चालीनं चालायला लागायचं. आता तुम्हाला पांढुर्ण्याहून मोठ्या रस्त्यानं नागपूर लवकर येतं, पांढुर्णा स्वतंत्र जिल्हाही झालाय 2023 पासून. तरी डॉक्टरांच्या दिवशी दुसरं कुठलंही काम ठेवू नकोस. बाहेर तीन तास बसायला लागतं. विणकाम नको, पुस्तक ने.

*

पुन्हा दोन दिवस गेले, पण या वेळी दुखण्यानं नाही, संत्रं तोडायला माणसं आली होती. मृगाचा माल आहे. एकाच वेळी बगीच्यात फळंही आहेत आणि पुढच्या बहाराची फुलंही, हे दिवस मला वर्षात सगळ्यांत आवडतात.

विहिरीजवळचं ते झाड तुला आठवतं? लहानपणी त्याच्या बुंध्याचा डिंक काढून तू बोटांना चिकटवायचीस. त्याला डिंक्या झालाय, पंधरा वर्षं झाली. तुझ्या मोठ्या आजोबांनी ते कापायला काढलं होतं, मी कापू दिलं नाही. पावसाळ्याआधी आणि पावसाळा सरला की साल खरवडायची, मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर असा बोर्डो मलम करून बुंध्याला लावायचा, आणि पाणी खोडाला टेकू नये म्हणून दुहेरी आळं ठेवायचं. रोग खोडातून गेलेला नाही. एखाद्या वर्षी फांद्या सुकतात, पानं पिवळी पडतात, त्या वर्षी आम्ही त्याच्यावर फळ धरत नाही. दुसऱ्या वर्षी ते असं लदबदतं की टेकू द्यावे लागतात. आणि बहार फुटायला झाडाला ताण द्यावा लागतो, पाणी तोडावं लागतं, हे खरं. पण या झाडाचा ताण तुझे मोठे आजोबा इतर झाडांपेक्षा आठ दिवस लवकर सोडत असत, कुणी न सांगता. आता ते नाहीत, मी सोडते. यंदा त्याचीच संत्री तुला पाठवतेय.

तुझ्या लग्नाचं तुझ्या आईनं मला दबक्या आवाजात विचारलं. तुलाही ते कानावर आलं असेल, म्हणून स्पष्ट लिहिते. लपवायचं नाही. ज्याला कळल्यावर जायचं असेल तो आधीच जाऊ दे. या दुखण्यात संसार होतो, मुलंबाळं होतात, मला दोन आहेत. मात्र मूल हवं असं ठरलं की डॉक्टरांना बरेच महिने आधी सांगायचं, कारण मेथोट्रेक्सेटची गोळी पोटातल्या बाळाला घातक असते आणि ती आधीपासून बंद करून दुसरं औषध द्यावं लागतं. इथेही घाई नको. तेवीस वर्षांची आहेस, आधी तुझी परीक्षा होऊ दे.

तू विचारलंस, मोठी आजी, असं शरीर घेऊन काही मोठं करता येतं का? मला बाबा आमटे आठवतात. त्यांचं दुखणं आपल्यासारखं नव्हतं, पाठीच्या कण्याचं होतं, पण ते इतकं की त्यांना बसता येत नसे. उभं राहायचं किंवा आडवं व्हायचं, मधलं काही नाही. 1985 साली कन्याकुमारीहून काश्मीरला त्यांचं भारत जोडो अभियान निघालं तेव्हा पोरं सायकलींवर आणि सत्तरी ओलांडलेले बाबा गाडीत आडवे. त्यांनी बसणं सोडलं आणि बाकीचं धरलं. पण खरं सांगू? मोठं काही नाही केलंस तरी चालेल. मी काय केलं? पहिलीच्या पोरांना तीस वर्षं बाराखडी शिकवली, वाकड्या बोटांनी. त्यांतली काही आता रस्त्यात भेटली की "बहनजी" म्हणून पाया पडतात आणि मला फार आनंद होतो.

परीक्षा झाली की मी तुला जामसावळीला नेईन. लहानपणी नेलं होतं, तुला आठवत नसेल. पिंपळाखाली मारुतीराय तिथे पहुडलेले आहेत. बाकी बहुतेक ठिकाणी उभे, डोंगर उचललेले, इथे निवांत आडवे. दुरून दुरून आजारी माणसं येतात, काहींच्या घरच्यांनी सगळ्या आशा सोडलेल्या असतात. मी तिथे जाते आणि बरं कर असं मागत नाही. नुसती बसते. इतक्या ताकदीचा देव आडवा झालेला बघून माझ्या मनातलं काहीतरी सैल होतं. त्या दिवशीची गोळी मी पर्समध्ये घेऊन जाते आणि तिथल्याच पाण्यानं घेते.

वार आपण आधी ठरवायचा नाही. ज्या सकाळी तुझी आणि माझी, दोघींची मूठ मिटेल त्या सकाळी फोन करायचा आणि निघायचं. नाही मिटली तर पुढच्या आठवड्यात. देऊळ कुठे जात नाही.

संत्र्यांच्या पिशवीत लिंबाच्या लोणच्याची बरणीही ठेवलीय, गोड केलंय, तुला आवडतं तसं. पिशवी आडवी होऊ देऊ नकोस. झाकण मी सैलच लावलंय.

तुझी,
सौंसरची मोठी आजी